मेलबर्नच्या मिकनं आणलेली फ्रेंच गाणी

(मंडळाच्या गीत-संगीत बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. भाषणात मधेमधे गाणी वाजवली होती. ती छापता येत नाहीत, तेवढी कल्पना वाचकांनी करून घ्यावी!)



आजचा विषय कळल्यावर संयोजकांनी मला दोनदा विचारलं, "फ्रेंच गाणी? मराठी मंडळात?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या माणसानं ही गाणी इंग्रजीत आणली तो आपल्याच मेलबर्नचा. आणि त्याच्यासमोर जो पेच होता, तोच आपल्या बालवर्गात दर रविवारी उभा असतो. गाणं दुसऱ्या भाषेत नेता येतं का? नेलं तर त्यातलं काय वाचवायचं आणि कशावर पाणी सोडायचं?

माणसाचं नाव मिक हार्वी. जन्म 1958 चा, व्हिक्टोरियातलाच. कॉलफिल्ड ग्रामर शाळेत त्याच्याबरोबर निक केव्ह होता. दोघांनी मिळून आधी 'बर्थडे पार्टी' आणि नंतर 'बॅड सीड्स' हे बँड गाजवले. 2009 साली हार्वी 'बॅड सीड्स'मधून बाहेर पडला. ही मंडळी रॉक संगीतातली, तीही जरा काळ्या छटेच्या. अशा माणसानं 1995 साली एक सीडी काढली, 'इंटॉक्सिकेटेड मॅन'. त्यातलं प्रत्येक गाणं सर्ज गेन्सबूर या फ्रेंच गीतकार-संगीतकाराचं, आणि प्रत्येक गाणं इंग्रजीत. शब्द इंग्रजीत आणले हार्वीनंच, गायलाही तोच. 1997 मध्ये 'पिंक एलिफंट्स' आली. लोकांना वाटलं, झालं याचं समाधान. पण 2016 मध्ये 'डिलिरियम ट्रेमेन्स' आणि 2017 मध्ये 'इंटॉक्सिकेटेड विमेन' असे आणखी दोन भाग आले. म्हणजे बावीस वर्षांत चार अल्बम, एकाच गीतकाराचे. (चारही नावांना दारूचा वास आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गेन्सबूरचं आयुष्य पाहिलं तर ती नावं शोभतात.)

गेन्सबूर कोण, ते थोडक्यात सांगतो. जन्म 1928, पॅरिस. मूळ नाव लुसियँ गिन्सबर्ग. आईवडील ज्यू, रशियन क्रांतीनंतर देश सोडून फ्रान्समध्ये आलेले. वडील बारमध्ये, कॅबरेमध्ये पियानो वाजवून घर चालवायचे. जर्मनांनी पॅरिस घेतलं तेव्हा या मुलाला छातीवर पिवळा तारा लावून हिंडावं लागलं. पुढे त्याला चित्रकार व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग वडिलांसारखा पियानोवर बसला आणि गाणी लिहायला लागला. 1958 मध्ये पहिली रेकॉर्ड आली, 1991 मध्ये तो गेला. फ्रान्समध्ये त्याचं स्थान काय म्हणाल, तर पॅरिसमधलं त्याचं घर 2023 साली लोकांना पाहायला खुलं झालं.

इंग्रजी जगाला मात्र तो एकाच गाण्यामुळे माहीत होता. 1969 सालचं, जेन बर्किनबरोबरचं ते उसाशांचं गाणं. बीबीसीनं ते लावायला नकार दिला, व्हॅटिकननं निषेध केला आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं! समोर मुलं बसली आहेत, म्हणून ते वाजवत नाही. पण त्याचं नाव ऐका: 'ज तेम... म्वा नों प्लू'. मराठीत सांगायचं तर ती म्हणते, "माझं तुझ्यावर प्रेम आहे", आणि तो उत्तर देतो, "माझंही नाही." हे उत्तर व्याकरणात बसत नाही, पण मनात बरोबर बसतं. सगळा गेन्सबूर या दोन वाक्यांत आहे. वरून प्रेमगीत, आत टोचणारा खडा. ज्याला फ्रेंच येत नाही, त्याच्या कानावर फक्त उसासे पडतात. हार्वीला हेच खटकलं असणार असं मला वाटतं. माणूस शब्दांचा, आणि जगाला ठाऊक आवाजापुरता.

आता फ्रेंच गाणी इंग्रजीत काही हार्वीनं पहिल्यांदा आणली नाहीत. 'माय वे' हे सिनात्राचं गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. निवृत्तीच्या समारंभात हमखास वाजतं. त्याची चाल फ्रेंच आहे. 1967 मध्ये क्लोद फ्राँस्वा यानं गायलेलं 'कॉम दाबित्यूद', म्हणजे 'नेहमीप्रमाणे'. मूळ गाण्यात काय आहे? एका जोडप्याचं प्रेम संपलंय. सकाळी उठणं, कपडे चढवणं, बाहेर जाणं, परत येणं, हसल्यासारखं करणं, सगळं नेहमीप्रमाणे. पॉल अँका यानं चाल घेतली, शब्द टाकून दिले आणि तिथे एका कर्तबगार माणसाची आत्मप्रौढी बसवली. 1969 मध्ये सिनात्रानं ती अजरामर केली. (त्याआधी याच चालीवर तरुण डेव्हिड बोवीनंही इंग्रजी शब्द लिहून पाहिले होते, ते नाकारले गेले. त्या रागातून त्यानं पुढे 'लाइफ ऑन मार्स?' लिहिलं. असो.) 'माय वे' चांगलं गाणं आहे, नाही असं नाही. पण ते भाषांतर नव्हे. घर विकत घेऊन आतलं सगळं सामान रस्त्यावर काढून ठेवावं, तसा प्रकार.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. जाक ब्रेल हा बेल्जियन, पण गायचा फ्रेंचमध्ये. 1961 च्या त्याच्या 'ल मोरिबों' या गाण्यात मरायला टेकलेला माणूस एकेकाचा निरोप घेतो. मित्राचा, पाद्र्याचा आणि बायकोच्या प्रियकराचासुद्धा. त्याला हा माणूस मुळीच आवडत नव्हता हे सांगून आता बायकोची काळजी घे म्हणून बजावतो. शेवटी बायकोला सांगतो की मी सगळं पाहून डोळे मिटत होतो, तसेच आताही मिटतो. काय कडू आहे बघा, आणि चाल चक्क उडती! इंग्रजीत हे 'सीझन्स इन द सन' झालं. 1974 मध्ये टेरी जॅक्सनं गायलेलं, तेव्हा जगभर गाजलेलं. त्यात बायको नाही, प्रियकर नाही. त्यांच्या जागी बाबा आणि छोटी मिशेल. कडूपणा सगळा गाळून घेतला, साखर घातली. इंग्रजी श्रोत्याला हे झेपणार नाही असं आधीच ठरवून टाकलं. मला राग या ठरवण्याचा येतो.

हार्वीनं हे केलं नाही. चाल तीच ठेवली, वाद्यमेळ बराचसा आपल्या पद्धतीचा केला आणि अर्थाला मात्र घट्ट धरलं. गेन्सबूर जिथे वाईट बोलतो तिथे हार्वीही वाईटच बोलतो. आपल्याकडे आदरांजलीचा कार्यक्रम म्हणजे मूळ गायकाची हुबेहूब नक्कल. जागा त्याच, मुरकी तीच, आणि डोळे मिटले तर फरक कळू नये ही सर्वांत मोठी दाद. हार्वीची आदरांजली वेगळी आहे. आवाज वेगळा, भाषा वेगळी, पण माणूस तोच भेटतो.

हे किती अवघड आहे ते माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. सॉफ्टवेअर दुसऱ्या भाषेत नेताना बटणाची रुंदी ठरलेली असते. इंग्रजीत 'सेव्ह' बसतं, मराठीत 'जतन करा' लिहिलं की शेवटचा 'रा' बटणाबाहेर लोंबतो. गाण्यात प्रत्येक ओळ म्हणजे असं एक बटण आहे. शिवाय लांब सुरावर तोंड उघडेल असा स्वर हवा. 'ई'वर तान घेऊन बघा म्हणजे कळेल. न्यूझीलंडमध्ये पीटर लो म्हणून एक अभ्यासक आहेत. गाण्याचं भाषांतर ही पेंटॅथलॉन आहे असं ते सांगतात. गेयता, अर्थ, स्वाभाविकता, लय आणि यमक अशा पाच शर्यती. एकीतच पहिला नंबर काढून उपयोग नाही, पाचांची मिळून बेरीज मोठी व्हायला हवी. म्हणून यमकाच्या दोन मार्कांसाठी अर्थाचे दहा घालवणं वेडेपणाचं. हार्वी ऐकताना ही बेरीज-वजाबाकी स्पष्ट कळते. यमक कुठे सैल पडलं तरी तो चालवून घेतो, विनोद मात्र सांडू देत नाही.

आता एक गाणं जरा सावकाश पाहू. 'ल प्वँसोनर दे लिला', 1958. हार्वीच्या दुसऱ्या सीडीत 'द टिकेट पंचर' म्हणून आहे. पॅरिसच्या मेट्रोत लिला नावाचं स्टेशन. तिथला तिकिटं पंच करणारा माणूस. दिवसभर जमिनीखाली उभा राहून तो तिकिटांना भोकं पाडतो. लहान लहान भोकं, पुन्हा लहान लहान भोकं. लोक त्याच्याकडे बघत नाहीत. तो स्वप्न बघतो की एक दिवस इथून पळून जाऊ. स्वप्न साधत नाही, आणि मग त्याच्या मनात येतं की एक भोक स्वतःला पाडलं तर? मग लोक त्याला एका मोठ्या भोकात पुरतील, आणि लहान भोकांचा आवाज कायमचा थांबेल. सगळं गाणं 'भोक' या एका शब्दावर उभं आहे, आणि चाल तिकीट पंच केल्यासारखी टकटकत पळते. सुदैवानं इंग्रजीतही भोक ते भोकच, गोळीचं काय आणि थडग्याचं काय. मराठीत मात्र इथे मी अडकलो. 'भोक' म्हटलं की लोक हसणार, 'छिद्र' म्हटलं की तो मेट्रोतला माणूस एकदम भूमितीचा मास्तर होणार. माझं मत 'भोक'च. आधी लोकांनी हसावं, मग शेवटी गप्प व्हावं, गेन्सबूरला तेच हवं होतं. आपल्या एसटीच्या कंडक्टरचा पंच ज्यांना आठवतो त्यांना हे गाणं लगेच कळेल. ज्यांना आठवत नाही त्यांनी इथल्या ट्रामचे कंडक्टर आठवावेत. हार्वीची ही सीडी आली 1997 मध्ये, आणि मेलबर्नच्या ट्राममधून कंडक्टर गेले पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये.

काही गाणी मात्र सहजासहजी हलत नाहीत. 'ला जावानेझ' हे 1963 चं गाणं बघा. लहानपणी आपण चची भाषा बोलायचो ना? शब्दात 'च' घुसवून, मोठ्यांना कळू नये म्हणून? फ्रेंच पोरांची अशीच एक भाषा आहे, 'जावाने'. त्यात 'आव' घुसवतात. 'बोंजूर'चं होतं 'बावोंजावूर'. गेन्सबूरनं गंमत अशी केली की शब्द सगळे खरे, शुद्ध फ्रेंच निवडले, पण असे की गाणंभर 'आव'चा गुंजारव होत राहतो. वर विरहाचं वॉल्ट्झ, खाली पोरांचा खेळ. हा खेळ इंग्रजीत कसा न्यायचा? अर्थ नेता येतो, वॉल्ट्झ नेता येतं, 'आव' तिथेच राहतो. आणखी एक गोष्ट हरवते. या गाण्यात प्रियकर प्रेयसीला 'वू' म्हणतो, म्हणजे 'तुम्ही'. इंग्रजीकडे एकच 'यू', त्यातलं अंतर, त्यातला अदबशीर रुसवा गेलाच. मराठीत आणलं तर 'तुम्ही' राहील. जुन्या घरांतल्या 'अहो'मध्ये किती प्रेम आणि किती राग मावायचा, ते इथल्या काकूंना विचारा!

दुसरा घोळ उलटा आहे. गेन्सबूरला फ्रेंचमध्ये इंग्रजी शब्द पेरायची भारी हौस. 'फोर्ड मस्टँग', 'कॉमिक स्ट्रिप', 'कोण इन, कोण आउट' अशी गाणीच आहेत. फ्रेंच वाक्यात इंग्रजी शब्द चमकतो. तेच गाणं इंग्रजीत आणलं की सगळंच इंग्रजी, मग चमकणार काय? आपली मुलं "मम्मा, मला बोअर होतंय" म्हणतात, त्याचं इंग्रजी करून बघा, तसंच. या गाण्यांत हार्वीकडून काहीतरी निसटतं, आणि ते त्याच्या हातात नव्हतं. याउलट 'टॉरी कॅनियन' हे गाणं जवळजवळ जसंच्या तसं येतं. 1967 च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलजवळ खडकावर आपटून तेल सांडलेलं हे जहाज. बांधलं कुठे, मालक कुठला, झेंडा कुठल्या देशाचा, याची गेन्सबूर नुसती यादी म्हणत जातो, आणि जबाबदार कोणीच नाही हे न बोलता कळतं. याद्यांचं भाषांतर छान होतं.

आणि एखादं गाणं घरी परत येतं. 'बॉनी अँड क्लाइड' हे 1968 चं, गेन्सबूर आणि ब्रिजित बार्दो यांचं. अमेरिकेतल्या दरोडेखोर जोडप्याची कथा. बॉनी पार्करनं 1934 मध्ये मरण्यापूर्वी थोडे दिवस आपल्या दोघांवर इंग्रजीत एक कविता लिहिली होती. तिच्यावर बेतून गेन्सबूरनं फ्रेंच गाणं केलं. हार्वी आणि अनिता लेन यांनी ते पुन्हा इंग्रजीत गायलं. टेक्सासहून पॅरिसमार्गे ती कविता मेलबर्नच्या माणसाच्या तोंडी आली, आणि वाटेत तिला चाल मिळाली.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगतो. 1965 साली युरोव्हिजन स्पर्धा लक्झेंबर्गनं जिंकली. गायिका फ्रान्स गाल, वय सतरा. गाणं गेन्सबूरचं, 'पूपे द सीर, पूपे द सों'. 'पूपे' म्हणजे बाहुली. 'सीर' म्हणजे मेण, पण रेकॉर्डचंही मेण. 'सों' म्हणजे बाहुलीत भरतात तो कोंडा, आणि 'सों' म्हणजे आवाजसुद्धा. दुसऱ्यांचे शब्द गाणारी, स्वतः प्रेमाचा अनुभव नसलेली मुलगी म्हणजे मेणाची, कोंड्याची, रेकॉर्डची, आवाजाची बाहुली. हार्वीनं 2017 च्या अल्बममध्ये कोंडा सोडला आणि नावात 'सॉन्ग' घेतलं. मी हे मराठीत करून पाहिलं तेव्हा एक लॉटरी लागली. आपल्याकडच्या जुन्या तबकड्या कशाच्या? लाखेच्या! 'लाखेची बाहुली, सुरांची बाहुली.' कोंडा माझ्याकडूनही सांडला, पण लाखेत तबकडी आली, खेळणंही आलं आणि वर 'लाखात एक' फुकट मिळालं. भाषांतरात हरवतं तेवढंच सगळे सांगतात. असं काही सापडलं की त्याचीही नोंद व्हायला हवी.

मराठीला तसं हे काम नवीन नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून आधीच्या गाण्याचं नाव छापलेलं असायचं. आधी चाल, मग शब्द. आणि 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेल्या गीतरामायणाच्या छप्पन्न गीतांची पुढे कितीतरी भारतीय भाषांत भाषांतरं झाली, तीही बाबूजींच्या मूळ चालींत गाता येतील अशी. त्या भाषांतरकारांनी तीच पेंटॅथलॉन खेळली, फक्त तिला कोणी तसं नाव दिलं नव्हतं. त्यांची एक सोय होती. रामकथा श्रोत्यांना पाठ होती. आपल्याला ती सोय नाही.

आता बालवर्गाकडे येतो. आपली मुलं गणपतीत, दिवाळीत स्टेजवर मराठी गाणी सुरेख म्हणतात. रोमन लिपीत लिहून दिलेलं पाठ करतात, उच्चारही बरे असतात. पण कडव्यात काय चाललंय हे दहांतल्या दोघांना कळत असेल तर पुष्कळ. चूक मुलांची नाही. आपण त्यांना आवाज दिला, गाणं दिलंच नाही. जे 1969 मध्ये गेन्सबूरचं झालं, तेच. मला माहीत आहे, इथे बसलेल्या काही ज्येष्ठांचं मत आहे की भावगीत इंग्रजीत नेणं म्हणजे पुरणपोळीला केचप लावणं. त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. 'सीझन्स इन द सन'सारखं करणार असू तर नकोच. पण हार्वीसारखं करता येईल. चाल तीच, अर्थ तोच, दुःखाचं गाणं असेल तर दुःखाचंच. यमक नाही जुळलं तर नाही. अडचणी पुष्कळ आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक आयतं मिळतं, इंग्रजीत ते मिळणार नाही. इंग्रजी शब्दाचा आघात ठरलेला असतो, तो समेवर उलटा पडला की शब्द हास्यास्पद होतो. मराठीत आणि फ्रेंचमध्ये त्याची एवढी कटकट नाही. म्हणजे गंमत बघा, फ्रेंच गाणं इंग्रजीपेक्षा मराठीत नेणं काही बाबतींत सोपं आहे!

माझी सूचना छोटी आहे. मोठी मुलं, त्यांचे आईबाप आणि शक्य असतील तिथे आजीआजोबा यांनी मिळून सहा गाणी घ्यायची. आजीनं अर्थ सांगायचा, मुलांनी इंग्रजी शब्द बसवायचे, गाऊन बघायचं, अडलं की भांडायचं. मराठी कार्यक्रमात मूळ गाणंच होईल, इंग्रजी त्याच्या आधी एकदा. शब्द बसवताना मुलं मूळ ओळ शंभरदा म्हणतील, आणि तीही अर्थ समजून. कवींच्या वारसांची परवानगी लागेल तिथे ती रीतसर मागू.

ज्यांना हार्वी ऐकायचा आहे त्यांनी 'द टिकेट पंचर'पासून सुरुवात करावी. आधी इंग्रजी ऐका, लगेच मूळ फ्रेंच ऐका, मग पुन्हा इंग्रजी. 'इंटॉक्सिकेटेड मॅन' गाडीत लावायची असेल तर मुलं मागे बसलेली नाहीत याची खात्री करून घ्या, त्यातली काही गाणी खरोखरच मोठ्यांची आहेत.

सहांतलं पहिलं गाणं मी सुचवतो, आगगाडीतून मामाच्या गावाला जाण्याचं. ते सगळ्यांना येतं आणि गाडीचा ठेका इंग्रजीला मानवेल. त्यातला 'मामा' मात्र इंग्रजीतही मामाच राहणार, 'अंकल' होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. बाकीच्या पाच गाण्यांची नावं चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.